मालकमचे गाव

दिवाळी अंकातल्या प्रवासलेखात लंडनचा पूल, पॅरिसचा मनोरा किंवा स्वित्झर्लंडचे बर्फ यांपैकी काहीतरी असणारच, असा वाचकांचा समज असतो आणि तो रास्तही आहे. माझ्या लेखात यांपैकी काही नाही. मी मॅट्रिक झालेला, ड्रॉइंग शिकवणारा मास्तर. सवड मिळेल तेव्हा कादंबऱ्या लिहितो. आयुष्यात एकदाच समुद्र ओलांडला, आणि गेलो कुठे, तर दोन-अडीच हजार वस्तीच्या एका गावात. स्कॉटलंडची हद्द जिथे इंग्लंडला लागते, तिथून आठ-दहा मैलांवर हे गाव आहे. नाव लँगहोम. पण तसे म्हणायचे नाही. तिथले लोक मधला 'हो' गिळून 'लँगम' म्हणतात. मी पहिल्या दिवशी पूर्ण उच्चार केला, तेव्हा बसचा ड्रायव्हर मोठ्या अदबीने हसला. शाळेत 'अॅपल'ला 'ॲप्पल' म्हणणाऱ्या पोराला मी जसा हसत आलो आहे, अगदी तसा.

या गावी जाण्याचे कारण सांगायचे तर आमच्या घरापासून सुरुवात करायला हवी.

आम्ही महाबळेश्वरचे. क्षेत्राचे नव्हे, बाजाराचे. बाजारात अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, काठ्यांचे दुकान होते. दुकान कसले, दोन फळ्यांची टपरीच. लोकांना काठीची गरज नसते, पण डोंगरावर आल्यावर हातात काठी घेऊन फोटो काढावासा वाटतो, आणि त्यावर आमचे घर चालले. पावसाळ्याच्या चार महिन्यांत बाजार ओस पडे. तेव्हा अण्णा पडवीत बसून लाकूड तासत, मूठ वाकवत, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत करत. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की अण्णांचे ठरलेले वाक्य असे, "साहेब, ही साधी पेठ नाही. ही मालकमपेठ आहे. गव्हर्नरच्या नावाची पेठ."

ते खरेच होते. सर जॉन मालकम हा १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर. त्याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी १८२९ साली करार करून, दुसरे गाव देऊन, ही डोंगरमाथ्यावरची जागा घेतली आणि गोऱ्यांसाठी थंड हवेचे ठाणे वसवले. पेठेला त्याचे नाव पडले. जुन्या कागदांवर अजून ते सापडते. पण मालकम कोण, कुठला, हे आमच्या बाजारात कोणाला ठाऊक नव्हते. अण्णांनाही नव्हते. मी लहानपणी विचारले, तर म्हणाले, "असेल कुणी. नाव ठेवून गेला, पेठ आपल्याला राहिली."

पुढे मी कादंबऱ्या लिहू लागलो आणि हाच मालकम वेगळ्या वाटेने माझ्या पुढ्यात आला. दुसऱ्या बाजीरावाच्या अखेरच्या दिवसांवर मी एक कादंबरी घेऊन बसलो होतो. ३ जून १८१८ रोजी असीरगडाजवळ पेशवा इंग्रजांच्या छावणीत येऊन शरण गेला, तो या मालकमकडे. वर्षाला आठ लाख रुपये तनखा ठरला तोही मालकमनेच ठरवला. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली. पेशवा तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. फार जगणार नाही असा कोणाचा हिशेब असलाच, तर तो साफ चुकला. बाजीराव ब्रह्मावर्ताला जानेवारी १८५१ पर्यंत जगला आणि तनखा घेत राहिला.

एवढी सामग्री हाताशी असूनही माझे ते प्रकरण काही केल्या जमेना. बाजीराव जमला, त्याचे कारभारी जमले, तळावरचे भुकेले घोडेसुद्धा जमले. मालकम तेवढा जमेना. तो तंबूतून बाहेर आला की शाळेच्या गॅदरिंगमधला साहेब होऊन यायचा. डोक्यावर टोपी, हातात छडी आणि तोंडात 'टुम कोन हाय'. चार वेळा लिहिले, चारही वेळा फाडले. ज्याच्या नावाच्या पेठेत मी वाढलो, त्या माणसाला तोंडच नाही, हे कादंबरीकाराला कसे सहन व्हावे?

हे झाले सांगण्याजोगे कारण. दुसरे कारण मी कोणाला सांगितले नव्हते.

माझी धाकटी बहीण परिचारिका आहे. इंग्लंडच्या उत्तर टोकाला कार्लाइल नावाचे शहर आहे, तिथे ती गेली कित्येक वर्षे नोकरी करते. ती गेली तेव्हा अण्णांनी स्वतः तिची ट्रंक बांधली होती. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अण्णा गेले. ती आली नाही. मी तिला त्या रात्री फोनवर चार ओळी लिहून पाठवल्या. त्या इथे देत नाही, कारण दिवाळीचा अंक घरातली सगळी माणसे वाचतात. मथितार्थ असा की, तुला तिकडची परकी माणसे जवळची झाली. तिने उत्तर दिले नाही. पुढे चार वर्षे आम्ही बोलत होतो, पण ते बोलणे भाऊबीजेचे पैसे पोचले का आणि फराळाचा डबा फुटला का, एवढ्यापुरतेच. मग एकदा तिने आपणहून विचारले, "दादा, तुझा तो मालकम आहे ना, त्याचे गाव माझ्यापासून वीस मैलांवर आहे. सुट्टीत येतोस का?"

मी लगेच हो म्हटले. कादंबरीसाठी जातो, असे घरात सांगितले. कपड्यांच्या बॅगेत तिरपी घालून एक काठी घेतली. अण्णांनी शेवटच्या आजारापूर्वी ती केली होती, धाकटीसाठी. "ती म्हणते तिकडे डोंगर आहेत. डोंगरात हात मोकळा नसावा," असे म्हणाले होते. ती काठी मी चार वर्षे कपाटामागे उभी करून ठेवली होती. तिला कळवलेसुद्धा नव्हते. रागाच्या भरात माणूस शब्द बोलतो ते एक वेळ समजते, पण वडिलांनी मुलीसाठी केलेली वस्तू अडवून ठेवणे, याला कोणते नाव द्यावे?

२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस मी कार्लाइलला पोचलो. धाकटी स्टेशनवर आली होती. केस पांढरे झाले होते. तिने वाकून नमस्कार केला, मी पाठीवर हात ठेवला आणि दोघेही सामानाविषयी बोलू लागलो. काठी मी बॅगेतच राहू दिली. वेळ आली नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

तीन दिवसांनी तिला सुट्टी मिळाली, तेव्हा आम्ही लँगमच्या बसमध्ये बसलो. रस्ता सरळ उत्तरेला जातो. थोड्याच वेळात इंग्लंड संपते. संपते म्हणजे काय, तर रस्त्याच्या कडेला एक पाटी येते. ना चौकी, ना शिपाई. तेच हिरवे कुरण पाटीच्या अलीकडे आणि पलीकडे, आणि त्याच मेंढ्या. पण ही पाटी किती रक्त सांडून उभी राहिली आहे! एस्क आणि सार्क या दोन नद्यांमधला एवढासा टापू इंग्लंडचा की स्कॉटलंडचा, हे शेकडो वर्षे ठरतच नव्हते. नावच 'वादाची जमीन' असे होते. ज्याच्यावर दोन राजांचा हक्क, त्याच्यावर कोणाचाच कायदा नाही. शेवटी १५५२ साली मधोमध मातीचा बांध घालून वाटणी केली. आपल्याकडे भाऊ-भाऊ शेताची करतात तशीच.

या मुलखातली घराणी पिढ्यान्पिढ्या लुटालुटीवर जगली. रात्री घोड्यावर बसायचे, सीमेपलीकडची गुरे हाकून आणायची, पहाटे आपल्या बुरुजात शिरून दार लावून घ्यायचे. गुरे वाचवायची असतील तर आधीच काही द्या, असाही धंदा चाले. इंग्रजीतला 'ब्लॅकमेल' हा शब्द याच सरहद्दीवर जन्मला. मला आपली खंडणी आठवली. धाकटीला म्हटले, "ही माणसे आपल्याकडे आली ती चौथाईचा अर्थ घरून शिकूनच आली." ती बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली.

बसमधून तिने झाडांआड एक चौकोनी दगडी बुरूज दाखवला. तो गिलनॉकीचा बुरूज, आर्मस्ट्राँग घराण्याचा. या घराण्यातला जॉनी आर्मस्ट्राँग हा लुटारूंचा राजाच होता. १५३० साली स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स याने त्याला भेटीला म्हणून बोलावले आणि साथीदारांसह फासावर चढवले. त्याचे पोवाडे अजून आहेत. प्रतापगडाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला भेटीच्या गोष्टींचे नवल नसते. तरी मी मान वळवून बुरूज दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिलो.

लँगममध्ये उतरलो आणि मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. गाव डोंगरांच्या ओंजळीत बसले आहे. एस्क, यूज आणि वॉकोप अशा तीन नद्या तिथे एकत्र येतात. आमच्या क्षेत्री पाच नद्यांचा उगम, इथे तीन नद्यांचा संगम. आपल्याकडे असता तर घाट, देऊळ आणि बारा महिने जत्रा झाली असती. इथे दोन बदके पोहत होती आणि एक म्हातारा गळ टाकून स्वस्थ उभा होता. घरे करड्या वालुकाश्माची, एकमेकांना टेकून उभी. एके काळी लोकरी कापडाच्या गिरण्यांनी गाव भरलेले होते. त्या गिरण्या आता बंद झाल्या. आगगाडीही गेली, १९६४ साली प्रवासी वाहतूक थांबली ती थांबलीच. तरुण पोरे कामासाठी बाहेर पडतात. हे ऐकताना मला कोणी जावळी खोऱ्यातल्या एखाद्या गावाची हकीकत सांगते आहे असेच वाटत होते.

एवढ्याशा गावाने माणसे मात्र किती द्यावीत! नदीवर एक जुना दगडी पूल आहे. त्या बांधकामावर थॉमस टेलफर्ड नावाच्या पोराने उमेदवारी केली. जवळच्याच खोऱ्यात १७५७ साली एका मेंढपाळाच्या घरी त्याचा जन्म झाला. मूल वर्षाचे व्हायच्या आत बाप गेला. तो गवंडीकाम शिकला आणि पुढे ब्रिटनमधला पूल, कालवे आणि रस्ते बांधणारा सर्वांत नामांकित इंजिनियर झाला. १८३४ मध्ये वारला, तेव्हा त्याने या खोऱ्यातल्या दोन ग्रंथालयांना हजार-हजार पौंड ठेवले. गवंड्याने देवळासाठी नव्हे, पुस्तकांसाठी पैसे ठेवले, हे वाचून मला फार बरे वाटले.

त्या पैशाचे पुढे काय झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. लँगमचे ग्रंथालय ज्या इमारतीत होते, तिच्या खालच्या भागात पोस्टमनचे कुटुंब राहत असे. त्या पोस्टमनचा १८९२ साली जन्मलेला मुलगा जिना चढून वर जाई आणि पुस्तकांचा फडशा पाडी. तोच पुढे ह्यू मॅकडिअर्मिड या नावाने स्कॉटलंडचा विसाव्या शतकातला थोर कवी झाला. स्कॉट लोकांच्या बोलीत कविता लिहिली म्हणून गाजला आणि फटकळपणामुळे गावाला नकोसा झाला. गावाने त्याला नागरी सन्मान काही दिला नाही. दिला तो १९७२ साली चंद्रावर गेलेल्या नील आर्मस्ट्राँगला, कारण तो याच मातीतल्या घराण्याचा वंशज. त्या समारंभात दंडाधिकाऱ्याने चारशे वर्षांपूर्वीचा एक कायदा मोठ्याने वाचून दाखवला. गावात आर्मस्ट्राँग सापडला तर त्याला फाशी द्यावी, असा तो कायदा होता. मग सगळे हसले आणि पाहुण्याला मानपत्र दिले. मॅट्रिकवर थांबलेल्या आणि पुढचे सारे गावच्या वाचनालयात शिकलेल्या मला मात्र जिना चढणारा तो पोस्टमनचा पोर जवळचा वाटला.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाईंनी भिंतीवरची चित्रे दाखवली. दर जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी गावाची मोठी जत्रा असते. गावाच्या सामाईक रानाची हद्द १७५९ मध्ये निवाड्याने कायम झाली, ती कोणी खाऊ नये म्हणून दरवर्षी फेरी काढायची. पुढे निशाण घेतलेला तरुण घोडेस्वार, मागे शेकडो घोडे. मिरवणुकीत लाकडी ताटाला खिळ्याने ठोकलेली जवाची भाकरी आणि खारवलेला मासा असतो, फावडे असते, उंच वाढवलेले काटेरी फुलाचे झाड असते आणि गुलाबांचा मुकुट असतो. बाई मोठ्या अभिमानाने सांगत होत्या. भाकरी आणि सुकी मासळी यांना मिरवणुकीचा मान देणाऱ्या लोकांविषयी मला जिव्हाळा वाटला नसता तरच नवल.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून एस्क नदीच्या कडेने चार मैल वर गेलो. तिथे बर्नफूट. मालकमचे जन्मघर. घर खाजगी आहे, म्हणून रस्त्यावरूनच पाहिले. नदी, कुरण, कोकरे, मागे गवताळ डोंगर. या घरात जॉर्ज मालकम नावाच्या शेतकऱ्याला सतरा मुले झाली. दहा मुलगे, सात मुली. पैशाची ओढाताण. मग एकेका मुलाला ओळखीने कुठे चिकटवून द्यायचे, आरमारात नाही तर कंपनीत. जॉन बारा वर्षांचा असताना त्याला लंडनला कंपनीच्या डायरेक्टरांपुढे उभे केले. हा मुलगा फारच लहान आहे, असे म्हणून त्याला परत पाठवणार, इतक्यात एकाने गमतीने विचारले की हैदरअली समोर आला तर काय करशील? पोराने उत्तर दिले की तलवार काढून त्याचे डोके उडवीन. झाली नेमणूक! १७८३ मध्ये मद्रासला उतरला तेव्हा त्याला चौदावे वर्ष लागले होते. म्हणजे माझ्या आठवीच्या वर्गातल्या पोराएवढा.

मी फाटकाशी उभा राहून ते पोर डोळ्यांसमोर आणू लागलो. सहा-सात महिन्यांचा समुद्रप्रवास. पत्राला उत्तर यायला वर्ष. पुढे याच घरातले भाऊ मोठमोठे झाले. पल्टनी हा अॅडमिरल झाला आणि नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत असताना तिथल्या आरमाराचा प्रमुख होता. चार्ल्स मुंबईच्या आरमाराचा मुख्य झाला. लोकांनी त्यांची कौतुके केली, पुतळे उभारले. पण सगळी मुले अशी जगभर पांगल्यावर बर्नफूटच्या चुलीपाशी कोण उरले असेल?

"काय विचार करतोस?" धाकटीने विचारले.

"काही नाही. पावसाळ्यातली आपली पडवी आठवली."

ती काही बोलली नाही.

तिसरा दिवस ३ जूनचा होता. मी मुद्दामच तो साधला होता. गावाच्या डोक्यावर व्हिटा नावाचा डोंगर आहे, अकराशे फुटांहून थोडा उंच. त्याच्या माथ्यावर शंभर फुटी दगडी स्तंभ उभा आहे, १८३५ साली बांधलेला. तेच मालकमचे स्मारक. गावात कुठेही उभे राहा, मान वर केली की तो दिसतो. निघताना मी बॅगेतून काठी काढली आणि धाकटीच्या हातात दिली.

"ही अण्णांनी तुझ्यासाठी केली होती. जाण्याआधी. मी ठेवून घेतली होती."

तिने काठी हातात घेतली. मुठीवरून अंगठा फिरवला. अण्णा मुठीच्या खाली, आपली खूण म्हणून, दोन बारीक रेघा कोरत. त्या रेघांवर तिचा अंगठा थांबला. रडेल असे मला वाटले. ती रडली नाही. "चल, ढग येताहेत," एवढे म्हणून ती पुढे चालू लागली.

गावातल्या अरुंद गल्लीतून चढ सुरू होतो. मग कुरण लागते, मग दगडाची जुनी खाण. गावातली घरे याच डोंगराच्या दगडाची आहेत. वर मोकळे रान. हेदरची झुडपे अजून काळपट होती. त्यांना जांभळा बहर येतो तो ऑगस्टमध्ये. कुठूनतरी कर्ल्यू पक्ष्याची लांबलचक शीळ ऐकू येत होती. पलीकडच्या उतारावरचे हजारो एकर रान गावकऱ्यांनी २०२१ आणि २०२२ साली वर्गणी जमवून जमीनदाराकडून विकत घेतले आहे आणि पशुपक्ष्यांसाठी राखले आहे. दोन-अडीच हजार माणसांचे गाव आणि साडेदहा हजार एकर जमीन! ज्या गावाने शिवेची फेरी शतकानुशतके चुकवली नाही, त्यालाच हे सुचावे.

माथ्यावर वारा असा की तोंडातला शब्द पळवून नेईल. स्तंभाच्या पायथ्याशी उभे राहिले की मान मोडेपर्यंत वर पाहावे लागते. दक्षिणेला सॉल्वेचे आखात चकाकत होते, त्यामागे इंग्लंडचे डोंगर निळसर दिसत होते. मी दोनशे सात वर्षांपूर्वीच्या त्याच तारखेची उन्हाने करपलेली छावणी आठवू लागलो. तेवढ्यात एक म्हातारा गृहस्थ कुत्रे घेऊन वर आला. पायात चिखलाचे बूट, हातात मेंढपाळाची काठी, तिची मूठ एडक्याच्या शिंगाची. त्याचे बोलणे मला अर्धेसुद्धा कळत नव्हते. धाकटी दुभाष्याचे काम करत होती. मी विचारले, हा मालकम कोण होता, हे गावात लोकांना ठाऊक असते का?

म्हातारा विचारात पडला. म्हणाला, आम्ही याला नुसते 'मॉन्युमेंट' म्हणतो. परदेशी कुठेतरी मोठा झाला होता. ढग मॉन्युमेंटच्या खाली उतरले की पाऊस येणार, एवढे मात्र नक्की.

मला हसू आले. आमच्याकडे त्याचा बाजार झाला आणि इथे पावसाचा दाखला. नाव दोन्हीकडे राहिले, माणूस दोन्हीकडे हरवला.

म्हाताऱ्याचे लक्ष एव्हाना धाकटीच्या हातातल्या काठीकडे गेले होते. पाहू का, असे त्याने विचारले. तिने दिली. त्याने ती तोलून पाहिली, टोक जमिनीवर आपटून आवाज ऐकला, मूठ उलटसुलट केली. त्या मुलखात मेंढपाळ हिवाळ्यात बसून काठ्या घडवतात. वाकवणे, तासणे, शिंगाची मूठ बसवणे ही तिथे मोठी कला मानतात. ती त्या दोन रेघांपाशी आला आणि त्याने विचारले, हे कुणाचे काम?

"माय फादर्स," धाकटी म्हणाली.

त्याला लाकूड कळत होते, असे म्हातारा म्हणाला. काठी तिच्या हातात परत देताना त्याने टोपीला हात लावला. तो मान तिला होता, काठीला होता की अण्णांना, कोण जाणे. मग कुत्र्याला हाक मारून तो उतरू लागला.

आता धाकटीला रडू आवरले नाही. स्तंभाच्या आडोशाला बसून ती बोलली. चार वर्षांत पहिल्यांदा. ज्या रात्री अण्णा गेले, त्या रात्री तिची पाळी होती. त्या दिवसांत भारतातून येणाऱ्याला तिकडे दहा दिवस हॉटेलात बंद राहावे लागे. तरी तिने जाण्याची तयारी केली होती. पण अण्णांचे सगळे दोन दिवसांत उरकले. मरणाऱ्यांजवळ नातलगांना सोडत नसत, म्हणून एका म्हाताऱ्याच्या तोंडासमोर ती फोन धरून उभी होती आणि पलीकडून त्याची मुलगी बोलत होती. त्याच वेळी तिच्या खिशात माझा निरोप आला. तो तिने पहाटे वाचला.

"तू लिहिलेस ते खोटे नव्हते, दादा," ती म्हणाली. "परक्याचाच हात धरला होता मी."

मी काय बोलणार? कादंबऱ्यांतून पानेच्या पाने संवाद लिहिणारा मी. "चुकलो," एवढेच म्हणालो. वाऱ्यामुळे तिला ऐकू गेले की नाही कळेना, म्हणून पुन्हा म्हणालो. तिने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, "काठी चार वर्षे ठेवलीस ना? नीट ठेवलीस. कीड नाही लागली." आमच्या घरात माफी अशीच देतात.

ढग मॉन्युमेंटच्या खाली उतरले आणि म्हाताऱ्याच्या शब्दाप्रमाणे पाऊस आला. आम्ही भिजत उतरलो. निसरड्या जागी ती मला काठीचे टोक धरायला देत होती. लहानपणी लिंगमळ्याच्या उतारावर मी तिला देत असे, तसेच.

त्या रात्री खोलीत बसून मी ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतले. मालकमच्या राजकारणाचा हिशेब मी बदललेला नाही. त्याने पेशवाईचा शेवट केला, मध्य हिंदुस्थानात कंपनीचा अंमल बसवला, आणि तनखा दिला तो दयेपोटी की शहाणपणाने, यावर इतिहासकारांनी वाद घालावा. पण या वेळी तंबूतून जो माणूस बाहेर आला तो गॅदरिंगमधला साहेब नव्हता. एकोणपन्नास वर्षांचा, उन्हाने रापलेला, तेरा-चौदाव्या वर्षी घरचा डोंगर सुटलेला एक माणूस होता. समोरून दुसरा एक माणूस आपले घर कायमचे सोडून येत होता. दोघांना एकमेकांशी काय बोलावे, हे क्षणभर सुचत नाही. तेवढा क्षण मी लिहिला. पुढचे सगळे आधीच लिहिलेले होते.

कादंबरी आता प्रकाशकाकडे आहे. धाकटी काठी दाराशी ठेवते. दर रविवारी फोन येतो आणि आज कुठल्या डोंगरावर काठी नेली ते सांगते. यंदा दिवाळीला ती येणार आहे. येताना काठी आणू का, असे तिने विचारले. मी म्हटले, आणू नकोस, तिथेच राहू दे. अण्णांची एक तरी काठी त्या डोंगरात चालती असू दे. तिथल्या माणसाने आमच्याकडे आपले नाव ठेवले. आमच्याकडूनही तिकडे काही जायला नको?